दगडांचा श्रावण

आमच्या घरात मधली काही वर्षं 'वास' हा शब्द बंद होता. तसा ठराव वगैरे काही झाला नव्हता. पण दूध करपलं तर मी मुकाट्याने पातेलं भिजत टाकायची आणि दुसरं दूध तापवायची. मोगऱ्याचे गजरे आणणं बंद केलं. उदबत्ती लावायची ती नवरा भाजीला बाहेर पडल्यावर. त्याचं नाक त्या साथीच्या तापात गेलं होतं. बऱ्याच जणांचं गेलं आणि परत आलं. याचं आलं नाही.

माझं नाक गेलं असतं तर काही अडलं नसतं. मी बँकेत होते, तिथे नाकाचा उपयोग फक्त चष्मा टेकवायला. पण हा ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या सुगंधाच्या कारखान्यात होता. साबण, उदबत्त्या, केसांची तेलं, यांत घालायचे सुगंध तिथे तयार व्हायचे आणि प्रत्येक पिंप बाहेर जाण्याआधी याच्या नाकाखालून जायचं. यंत्रं होतीच, पण शेवटचा शब्द नाकाचा. घरीसुद्धा तेच. जिना चढता चढता सांगायचा, "आज आमटीत कोकम विसरलीस." मी चिडायची. एवढी नाकाने कांदे सोलायची हौस असेल तर ये आणि स्वतः कर, असं मी त्याला किती वेळा ऐकवलं असेन. नाक गेल्यावर कारखान्याने त्याला स्टोअरमध्ये टेबल देऊ केलं. तो नको म्हणाला आणि घरी बसला. पुढ्यात येईल ते जेवायचा. चांगलं नाही, वाईट नाही. माझ्या आमटीला नावं ठेवणारं माणूस घरात उरलं नाही, आणि त्याचं मला इतकं वाईट वाटेल हे कुणी लग्नाच्या वेळी सांगितलं असतं तर मी हसले असते.

मग आम्ही घराजवळच, नौपाड्यातल्या एका दाताच्या डॉक्टरांकडे गेलो. दाढ माझी दुखत होती. डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत समुद्राच्या पाण्याची काचेची टाकी होती. निळा उजेड, कपारींचे दगड, दगडांवर हलणारी प्रवाळं आणि त्यांच्यातून ये-जा करणारे केशरी मासे. माझी दाढ काढून झाली, तोंडात कापूस घेऊन मी बाहेर आले, तरी हा काचेला नाक लावून उभाच.

"याला वास नाही," चालत घरी येताना तो म्हणाला. "काचेबाहेर सगळे सारखेच. तुला जेवढं मिळतं तेवढंच मला."

माझ्या तोंडात कापूस होता म्हणून मी गप्प राहिले असं त्याला वाटलं असेल. खरं म्हणजे मला रडू येत होतं. त्याने त्या क्षणी हत्ती पाळतो म्हटलं असतं तरी मी हो म्हटलं असतं.

टाकी आली, तिचं लाकडी स्टँड आलं, आणि मग सुरू झालं दगडांचं प्रकरण. मला वाटलं होतं दगड शोभेसाठी असतात. तसं नाही. त्या टाकीत दगड हीच महानगरपालिका. दगडाच्या बारीक छिद्रांत डोळ्यांना न दिसणारे जंतू राहतात आणि माशांची घाण ते फस्त करतात. दगड चुकला की पाणी बिघडलं, आणि पाणी बिघडलं की सगळं मेलं. म्हणून दगड छिद्रांचा हवा, आकाराच्या मानाने हलका हवा, आणि पाण्यात नको ते सोडणारा नको. खऱ्या समुद्रातून प्रवाळाचा दगड काढायला आपल्याकडे बंदी आहे. एका दुकानदाराने "साहेब, आतून मिळेल" म्हणून डोळा मिचकावला तेव्हा हा तिथून उठून चालायला लागला.

आणि मग याने जे केलं ते कोकणातला माणूसच करू शकतो. छिद्रांचा दगड म्हटल्यावर याला काय आठवावं? जांभा! आमच्या गावच्या जुन्या गोठ्याची भिंत पाडली होती. चुलतदीर गाडीच्या डिकीत जांभ्याचे तुकडे घालून घेऊन आले, वर फणस एक. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. नवरा मात्र खुशीत होता. एकेक तुकडा हातात फिरवून दाखवत होता, "बघ, किती छिद्रं! आणि आपल्या गोठ्याचा!" मीठ मिसळलेल्या पाण्याच्या बादलीत जांभा बुडवला. सकाळी बादलीत कोऱ्या चहासारखं पाणी.

"लोखंड," तो म्हणाला. "जांभ्यात लोखंड असतं. शाळेतल्या पोरालाही माहीत असतं."

"मग तुला?"

"मला पण. पण गावचा दगड म्हटल्यावर लक्षात नाही आलं."

मग त्याने माझ्या कांद्यांसाठी आणलेल्या व्हिनेगरचे थेंब जांभ्यावर टाकून दाखवले. चुन्याचा दगड असेल तर त्यावर व्हिनेगर फसफसतं, आणि तोच दगड या टाकीला मानवतो. जांभा ढिम्म. तो आता आमच्या तुळशीच्या कुंडीखाली आहे आणि तिला छान मानवतो.

खरे दगड आम्हाला डोंबिवलीत मिळाले. एका तरुण इंजिनियरची बदली झाली होती आणि तो आपली टाकी मोडत होता. मासे आणि प्रवाळं मित्रांना वाटून झाली होती, दगड गच्चीवर गोणत्यांत वाळत पडले होते. नवरा गच्चीवर मांडी घालूनच बसला. प्रत्येक दगड हातात तोलायचा, व्हिनेगरचा थेंब टाकून कान जवळ न्यायचा, मग पाण्याचा थेंब टाकून तो आत शिरतो का ते बघायचा. कमानी, कपारी असलेले दगड एकीकडे, भरीव गोटे दुसरीकडे. मुलगी बघायला आल्यासारखा चाललेला कार्यक्रम. मला कंटाळा आला, म्हणून मीही एक दगड उचलला. बसलेल्या म्हशीसारखा होता, पाठीला पोक आणि पोटाखाली खोल भोक.

"हा घे," मी म्हटलं.

"ही काय म्हैस!"

"म्हैसच. घ्यायची."

बऱ्याच दिवसांनी तो हसला, म्हणून म्हैस आली.

"काका, टेन्शन नका घेऊ," तो इंजिनियर म्हणाला. "सगळा रॉक मॅनमेड आहे, कारखान्यातला. पण त्याच्यावर काय काय उगवलेलं ते सुकून मेलंय. म्हणून क्युअर नीट करा. डायरेक्ट टाकीत टाकलात ना, तर सगळं क्रॅश."

"क्युअर म्हणजे?" मी विचारलं.

"मुरवायचा, काकी. लोणच्यासारखा. खाऱ्या पाण्यात, अंधारात, आतून पाणी फिरवत ठेवायचं. मेलेलं सगळं सडून निघून जातं." मग तो नवऱ्याकडे वळला. "आणि काका, टेस्ट किट ओके दाखवलं तरी त्याच्यावर जाऊ नका. दगड बाहेर काढायचा आणि खालून, पोटाकडून वास घ्यायचा. सडका आला तर अजून कच्चा. समुद्रासारखा आला तर रेडी. नाकासारखं किट नाही!"

पोराला काय माहीत. नवऱ्याने मान हलवली, दुसऱ्याच कुणाला काही सांगितल्यासारखी. परतताना शिळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये गाडी अडकली, तेव्हा तो म्हणाला, "किटवर भागेल." मी म्हटलं, "भागेल की." वास नसलेली एकच गोष्ट त्याने शोधून काढली होती आणि तिच्या दारातच नाक विचारलं जात होतं. ही टाकी बिघडली तर हा माणूस पुन्हा कशात हात घालणार नाही, हे मला तिथे गाडीत बसल्या बसल्या लख्ख कळलं.

मागच्या गॅलरीत मोठा प्लास्टिकचा टब ठेवला. याने दगड ताठ ब्रशने घासले, धुतले, पुन्हा घासले. आरओच्या पाण्यात समुद्राचं मीठ मिसळलं, छोटा पंप सोडला, वर झाकण आणि झाकणावर जुनी काळी चादर, कारण उजेड मिळाला की शेवाळ धरतं. रोज काचेच्या नळीत पाणी घेऊन त्यात थेंब टाकायचे. हिरवं झालं तर पाण्यात विष आहे, पिवळं झालं तर निवळलं. नळी उजेडात धरून उभा राहिला की तो पुन्हा कारखान्यातला दिसायचा. श्रावण नुकताच लागला होता.

आणि मग दगड सडायला लागले.

पहिल्यांदा सुकट भाजल्यासारखा वास. मग सुकट ओली झाल्यासारखा. मग त्याला उपमाच राहिली नाही. गॅलरीतले कपडे मी पुढच्या खोलीत वाळत घालायला लागले. कापूर जाळला, लिंबाच्या साली उकळल्या. पोळी लाटताना तोंडाला ओढणी बांधली आणि त्याने विचारलं तर सांगितलं, शिंका येतायत. त्याला मी सांगितलं नाही. कसं सांगणार? तो रोज झाकण उघडून, तोंड आत घालून दगडांकडे कौतुकाने बघायचा, आणि मी मागे श्वास रोखून उभी. मला आजही त्यात चूक केली असं वाटत नाही. घरात शब्दच बंद होता, तो मी एका टबासाठी उघडणार नव्हते.

तो उघडला समोरच्या काकूंनी. काकू माझ्या सासूबाईंच्या मैत्रीण, याला अर्ध्या चड्डीत पाहिलेल्या. मी याला अरे-तुरे करते हे त्यांना अजून पटलेलं नाही. मासळीशिवाय त्यांना घास जात नाही आणि श्रावण मात्र कडक पाळतात, म्हणजे तो महिना त्या आणि त्यांची जीभ यांचं युद्ध चाललेलं असतं. सोमवारी दुपारी त्यांनी बेल दाबली ती सोडलीच नाही.

"अगं, लाज आहे का काही? श्रावणात सुकट भाजता? मी इथे जिभेला कुलूप लावून बसलेय, आणि तुमचं हे! तेही परवापर्यंत ठीक होतं. आज तर काहीतरी मेलंय तुमच्याकडे. जिन्यापर्यंत घाण येतेय!"

मी खुणेने त्यांना गप्प करायला गेले, पण हा मागे येऊन उभा होता. हातात नळी.

"कसला वास, काकू?"

काकूंच्या तेव्हा लक्षात आलं. त्यांनी पदर तोंडाला लावला, आणि तो नेमका नाकावर गेला.

"किती दिवस झाले?" त्याने मला विचारलं.

"पहिल्यापासून."

"जिन्यापर्यंत सगळ्यांना माहीत आहे. फक्त मला माहीत नाही." त्याचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "माझ्या घरात मीच एकटा बाहेरचा. तुम्ही सगळे माझ्या पाठीमागे नाकाला पदर लावून."

तो सरळ गॅलरीत गेला आणि टब ओढायला लागला. दगड खाली नेऊन टाकणार होता. पाणी उसळून लादीवर आलं, तरी मी दारात आडवी उभी राहिले. माझा राग प्रसिद्ध आहे, तो त्या दिवशी उपयोगी पडला.

"टाक," मी म्हटलं. "खुशाल टाक. पण मग या घरात मासा येणार नाही. काचेतला नाही आणि ताटातलाही नाही. काकू साक्षीला आहेत."

"अगं, काहीही काय!" काकू दचकून म्हणाल्या.

"तुझं नाक गेलं, माझं गेलेलं नाही," मी त्याला म्हटलं. "लग्नाची बायको आहे, फुकट पडून आहे नाक. वापर की ते!"

हे बोलताना मी रडत होते आणि शिवाय मळमळत होतं, त्यामुळे ते फारसं शोभून दिसलं नसणार. त्याने टब सोडला. काकू हळूच निघून गेल्या.

त्या दिवसापासून माझी शाळा सुरू झाली. सकाळचा चहा व्हायच्या आत तो मला टबापाशी उभं करायचा.

"काय येतंय?"

"घाण."

"घाण हा वास नाही, मत आहे. नीट सांग. आधी वरचा कुठला, आणि मागून येणारा कुठला?"

"वर कुजकं अंडं."

"आणि मागून?"

"मागून... ओलं गोणपाट."

"छान! अंडं जाईल आधी. गोणपाटाकडे लक्ष ठेव."

मी ठेवलं लक्ष. पाणी बदललं की अंडं कमी व्हायचं, हे खरंच होतं. मला न दिसणारं काहीतरी तो माझ्या शब्दांतून बघत होता. डोळे मिटून ऐकायचा, मधेच हात वर करायचा, "थांब, गोणपाट म्हणजे तागाचं की धान्याचं?" आणि मला पुन्हा वाकावं लागायचं. नाकी नऊ आले. पण इतक्या वर्षांत आमच्यात एवढं बोलणं झालं नव्हतं. त्याने शिकवलेलं मी बाहेरही वापरायला लागले. भाजीवालीकडची कोथिंबीर वरून ताजी आणि मागून शिळी, हे मला रस्त्यावर कळायला लागलं.

मग किट पिवळं झालं. दुसऱ्या दिवशीही पिवळं. तो उजळला. पण गोणपाट होतं. अगदी बारीक, पण होतं.

"किट पिवळं आहे," तो म्हणाला.

"असू दे. गोणपाट आहे."

त्याने नळी खाली ठेवली. मग एकेक दगड बाहेर काढून माझ्या नाकाशी धरायला लागला. पहिला, चांगला. कमानीवाला, चांगला. असे सगळे झाले आणि शेवटी म्हैस आली. पाठ चांगली. पोटाखाली नाक नेलं आणि मी किंचाळले. त्याने माझी क्रोशाची सुई मागितली, म्हशीच्या पोटातल्या भोकात घातली, फिरवली, आणि आतून काळं, लिबलिबीत काहीतरी ओढून काढलं. खेकडा असावा कधीकाळी. समोरून काकूंच्या खिडक्या धाडधाड बंद झाल्या. क्रोशाची सुई मी फेकून दिली.

"किटवर गेलो असतो तर हे टाकीत गेलं असतं," तो म्हणाला. "आणि पहिला मासा त्याच्यापाशीच गेला असता." मग थोड्या वेळाने, हात धुताना, पाठमोराच, "चांगलं नाक आहे तुझं." ज्याने आयुष्यभर नाकाचीच भाकरी खाल्ली त्याने हे म्हटलं. मला बँकेत बढती मिळाली तेव्हाही एवढा आनंद झाला नव्हता.

पुन्हा पाणी बदललं, पुन्हा अंधार, पुन्हा पंपाची घरघर. श्रावण संपत आला तेव्हा एका सकाळी मी म्हशीच्या पोटाशी वाकले आणि सरळ झाले.

"गेलं," मी म्हटलं. "तयार आहेत."

तो म्हैस हातात धरून उभा राहिला.

"तू खोटं बोलशील," शेवटी म्हणाला. "मला बरं वाटावं म्हणून. इतकी वर्षं बोललीयस."

मला राग आला नाही. त्याला चुकीचं म्हणायला जागाच नव्हती. तो म्हैस घेऊन तसाच निघाला आणि त्याने स्वतः जाऊन समोरची बेल दाबली.

"काकू, जरा येता? नाक घेऊन."

काकू आल्या, त्या दिवसापासून ओशाळलेल्याच होत्या. याने म्हैस त्यांच्यासमोर धरली. गुडघ्यावर हात ठेवून काकू वाकल्या आणि त्यांनी म्हशीचं पोट हुंगलं.

"कसला वास? काही वास नाही."

त्याचा चेहरा पडला. "काहीच नाही असं नसतं, काकू. काहीतरी असतंच. नीट बघा ना."

"तू लहानपणापासून असाच," काकू वैतागून म्हणाल्या. "माझ्या चुलीवर काय आहे ते जिन्यावरून ओरडून सांगायचास. थांब जरा." त्यांनी या वेळी डोळे मिटले आणि बराच वेळ तशाच राहिल्या. "ओहोटीला पाणी मागे जातं ना, तेव्हा खडकांत डबकी राहतात. आम्ही पोरी कालवं काढायला जायचो. त्या डबक्यात वाकून बघितलं की यायचा, तसा. गार. मिठाचा." त्या पुन्हा वाकल्या. "आणि मागून किंचित... काय बरं... काकडी कापल्यासारखा."

"काकडी," तो म्हणाला.

"हो. कोवळी काकडी. का, चूक आहे?"

"नाही, काकू. बरोबर आहे. स्वच्छ समुद्राला मागून काकडीच येते." त्याने म्हैस छातीशी धरली होती, तिचं पाणी सदऱ्यावर ओघळत होतं. "मला आठवतेय ती."

काकूंनी डोळे पुसले आणि वर म्हणाल्या की आता पुढच्या श्रावणात असले उद्योग करायचे नाहीत, माणसाने किती सोसायचं.

त्या दिवशी सकाळभर त्याने टाकीत दगड रचले. मागे कमानी, मधे पाणी फिरायला मोकळी जागा, आणि म्हैस अगदी पुढे, काचेपाशी, जिथून ती मलाही दिसेल. पाणी भरलं, निळा दिवा लावला. आत अजून एकही मासा नव्हता, नुसते दगड, तरी आम्ही दोघं बराच वेळ बघत बसलो. मग भूक लागली.

जेवायला बसलो. त्याने भातावर आमटी घेतली, कालवली, आणि पहिला घास तोंडापाशी नेऊन थांबला.

"आमटीला वास कसला येतोय गं?"

किती वर्षांनी विचारलं त्याने. मी डाव खाली ठेवला.

"वरचा सांगू, की मागून येणारा?"

"आधी वरचा."

"वर हिंग," मी म्हटलं. "मागून कोकम. आज विसरले नाही."